आज्याचा बांध

१

लातुरात जून लागला की माणसाचं नाव मागं पडतं आणि गुण पुढं येतात. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, लॉजच्या जिन्यात एकच सवाल : किती पडले? त्या सकाळी किशनरावांच्या क्लासच्या खिडकीत धम्मप्रियानं चिठ्ठी सरकवली, तेव्हा तिनंही नाव सांगितलं नाही. म्हणाली, "पाचशे एकतीस."

आत बसलेल्या उज्वलाबाईंनी आकडा दाबला. थांबल्या. चिठ्ठीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, पुन्हा दाबला.

"न्हाई की गं बाई. ह्या गुणाचं कुणीच न्हाई इथं."

मेडिकलची परीक्षा एकदा हुकलेल्या गरिबाघरच्या पोरांना किशनराव वर्षभर फुकट शिकवायचे, राहणं-खाणंही त्यांचंच. त्यासाठी क्लासची स्वतःची चाळणी परीक्षा. पाचशे वीसच्या वर पडले की जागा पक्की. पेपर तिथल्या तिथं मशीनवर तपासून, गुणांची चिठ्ठी हातात देऊन पोरांना घरी धाडलं होतं. आता दोन दिवस चिठ्ठी घेऊन खिडकीवर यायचं आणि जागेचं पत्र घेऊन जायचं. यादी भिंतीवर लावायची इथं रीत नव्हती. "यादी लावली की आईबाप एकमेकांच्या लेकरांची मापं काढतात," असं किशनराव म्हणत. आज दुसरा दिवस. संध्याकाळी खिडकी बंद, मग वर्षभर बंद.

धम्मप्रियाच्या मागं वर्षाराणी उभी होती. हदगावची लेक, नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. पोरीचा बाप भीमा किनवटच्या रेल्वेलाइनवर गँगमन. आई पार्वतीबाई वर्षाराणीची बाकावरची मैत्रीण. अकरावी-बारावी पोरगी वर्षाराणीच्याच घरी राहून शिकली. रक्ताचं नातं नव्हतं, पण मावशी म्हणायला रक्त कशाला लागतं?

गलका ऐकून किशनराव बाहेर आले. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध, मुरुडची शेती आणि लातूरचा क्लास दोन्ही सांभाळून भारदस्त झालेला आवाज.

"चिठ्ठी खोटी हाय," ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले. "आजकाल काय बी छापता येतंय. काल पण एक आली होती अशीच, देगलूरकडची. समजावून सांगितलं, गेली गुमान. तुम्ही बी जावा. न्हाई तर मला पोलिसात द्यावं लागंल."

रांगेतल्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. धम्मप्रिया हसणाऱ्याकडं बघत नव्हती. ती त्या चिठ्ठीकडं बघत होती, जणू चिठ्ठीनंच तिला फसवलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "मी परीक्षेला बसले होते ना?"

पोरीला स्वतःच्याच बसण्याची शंका यावी, ह्याचा राग वर्षाराणीच्या मस्तकात गेला.

"किशनराव," ती म्हणाली, "पोलिसांना खुशाल बोलवा. त्याच्या आधी मला तुमचा कॉम्प्युटर बघू द्या."

२

ऑफिसात काळी शहाबादी फरशी होती आणि डोक्यावर पंखा कण्हत होता. सॉफ्टवेअर लिहिणारा शिवशंकर मोटारसायकलवर आला. उदगीरचा पोरगा, पण चार वर्षं पुण्यात काढून बोलण्याला इस्त्री करून आणलेला.

"मॅडम, सिस्टीम फुलप्रूफ आहे," बसायच्या आधीच तो म्हणाला.

"नोंदींची लावणी कशी केलीय?"

"झाडाची. पहिली नोंद सगळ्यात वर. पुढच्या प्रत्येक पोरानं वरूनच सुरुवात करायची. समोरच्यापेक्षा गुण कमी, तर डावीकडं उतरायचं. जास्त, तर उजवीकडं. जिथं रिकामी जागा मिळेल तिथं बसायचं. शोधतानाही तीच वाट. सगळ्यांची तोंडं बघावी लागत नाहीत, दोन-चार वळणांत माणूस सापडतो."

"उलटं झाड," किशनराव म्हणाले. "मूळ वर, फांद्या खाली. आम्हाला न्हाई कळत. उज्वलाबाईला कळतंय. मी तर ते यंत्र चालू बी करत न्हाई."

"हिचा पेपर काढा," वर्षाराणी म्हणाली.

"पेपरवर नाव नसतं," शिवशंकर म्हणाला. "नुसता नंबर. कुणाचा कुठला नंबर ते नोंदीत. नोंद सापडली तरच पेपर सापडणार."

"कुणी नोंद पुसली असेल?"

शिवशंकरनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. परीक्षेला बसलेली पोरं आणि झाडातल्या नोंदी, दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"कुणी जागा हलवली असेल?"

"त्याचीही तपासणी ठेवलीय." त्यानं एक बटण दाबलं. यंत्र प्रत्येक नोंदीपाशी जाऊन आलं : तुझ्या डाव्या हाताखाली तुझ्यापेक्षा लहान आहे ना? उजव्या हाताखाली मोठा आहे ना? सगळीकडून होकार आला. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"बघा. झाड सरळ आहे. म्हणजे चिठ्ठी वाकडी."

उज्वलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, पदर खोचलेला, मुरुडहून किशनरावांनीच आणून कामाला लावलेल्या. त्यांनी भांडं धम्मप्रियाच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पी बाळा. रडू नकोस. काठावरच्याला कुणी बी ढकलून देतंय, तू तर काठावर बी न्हाईस. निघंल काहीतरी वाट."

त्या खोलीत चिठ्ठीला खोटी न म्हणणारी तेवढी एकच बाई होती. वर्षाराणीनं ते मनात टिपून ठेवलं.

कुणी पुसलं नाही. कुणी घुसलं नाही. मोजणी बरोबर, तपासणी बरोबर. आणि परीक्षेला बसलेली जितीजागती पोर त्या झाडात नाही! मग तिच्या वाट्याची नोंद कुणाची होती?

"खडू आहे का?" वर्षाराणीनं विचारलं.

३

ती फरशीवर मांडी घालून बसली. "उज्वलाबाई, शोधायचं नाही. वरून एकेक नोंद उघडा आणि मला सांगा, तिच्या डावीकडं कोण, उजवीकडं कोण."

काळ्या फरशीवर पांढरे आकडे उतरू लागले. सगळ्यात वर चारशे ऐंशी. त्याच्या उजवीकडं खाली पाचशे एकोणसाठ. पाचशे एकोणसाठच्या डावीकडं चारशे पंच्याण्णव, त्याच्या खाली उजवीकडं काहीच नाही. पाचशे एकोणसाठच्या उजवीकडं पाचशे साठ.

"पाचशे साठच्या डावीकडं?"

उज्वलाबाईंनी नोंद उघडली, पुन्हा वाचली.

"बाई, डावीकडं कोण?"

"पाचशे एकतीस," त्या म्हणाल्या. "धम्मप्रिया भीमा... अगं बाई, ही तर हिचीच नोंद हाय!"

किशनराव खुर्चीतून अर्धे उठले. शिवशंकरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चिठ्ठी खरी आहे," वर्षाराणी म्हणाली. "मोठ्यानं म्हणा, किशनराव. खोटी म्हणताना आवाज मोठा होता."

"हाव, खरी हाय," किशनराव पुटपुटले. "पण मग यंत्राला का घावली न्हाई?"

"ते तीच दाखवेल. ये गं प्रिया. तू पाचशे एकतीस. वरून ये, प्रत्येकाला विचारत."

धम्मप्रियानं चपला काढल्या. चारशे ऐंशीपाशी उभी राहिली. "मी मोठी. उजवीकडं." एक पाऊल उतरली. आता पायाशी पाचशे एकोणसाठ. "मी लहान. डावीकडं." चारशे पंच्याण्णवपाशी आली. "मी मोठी. उजवीकडं."

पुढं काही नव्हतं. नुसती काळी, गार फरशी.

तिचा स्वतःचा आकडा चार हातांवर, पलीकडच्या फांदीला होता. तो तिला दिसत होता. पण नियमानं चालणाऱ्या पायांना तिथं जायची वाट नव्हती.

"मी इथं हाय," ती आकड्याकडं बोट दाखवून म्हणाली, "आणि मला माझ्यापाशी जाता येत न्हाई."

४

"पण तपासणी बरोबर आली!" शिवशंकरच्या बोलण्याची इस्त्री मोडली. "साठच्या खाली एकतीस, लहान, डावीकडं. एकोणसाठच्या खाली साठ, मोठा, उजवीकडं. चूक कुठाय?"

"किशनराव," वर्षाराणी म्हणाली, "तुम्ही शेतकरी आहात. एका आज्यानं बांध घातला आणि लेकाला सांगितलं, बांधाच्या पूर्वेची जमीन तुझी. लेकानं आपल्या पोराला सांगितलं, माझ्या विहिरीच्या पश्चिमेला पेर. नातू पश्चिमेला पेरत पेरत आज्याचा बांध ओलांडून गेला. त्यानं बापाचं ऐकलं का?"

"ऐकलं की."

"मग भांडण का?"

"आज्याचा बांध मोडला न्हाई का!" किशनराव ताडकन बोलले. "बापाचं ऐकलं म्हणून आज्याचा बांध सुटतो व्हय? मुरुडात ह्याच्यावर डोकी फुटल्यात."

"शिवशंकरची तपासणी फक्त बापाला विचारते. आज्याला विचारतच नाही. वरून खाली येताना प्रत्येक वळणाचा बांध संगं घेऊन यावा लागतो : ह्याच्यापेक्षा मोठाच हवा, त्याच्यापेक्षा लहानच हवा. पाचशे साठच्या हाताखाली ही बरोबर आहे. पण ती बसलीय पाचशे एकोणसाठच्या उजव्या अंगाला. तिथं त्याच्याहून लहान कुणी चालतच नाही."

शिवशंकर खाली बसला. तोंड पांढरं पडलेलं. "मग हिला तिथं कुणी बसवलं? नोंद उज्वलाबाईच चढवतात."

"बसवलं यंत्रानं," वर्षाराणी म्हणाली. "आणि बरोबर बसवलं. बसतानाची वाट आणि शोधायची वाट एकच, तूच म्हणालास. त्या दिवशी ही वरून उतरली तेव्हा ह्या दुसऱ्या घरापाशी उजवीकडं वळली. म्हणजे त्या दिवशी ह्या घरातला पोरगा हिच्यापेक्षा लहान होता. आज तो पाचशे एकोणसाठ आहे."

तिनं खडूनं त्या आकड्याभोवती गोल ओढला.

"हिला कुणी हात लावलेला नाही. हात लावलाय तो हिच्या वरच्याला. तो जागच्या जागी वाढला, आणि त्याच्या सावलीत ही दिसेनाशी झाली. कोण आहे हा?"

उज्वलाबाई मागं सरकल्या. शिवशंकरनंच वाकून वाचलं.

"हरिओम. गाव मुरुड."

सगळ्यांच्या नजरा किशनरावांकडं वळल्या.

५

"माझ्या गावचा असला म्हणजे माझाच व्हय?" किशनराव गरजले. "अर्धं मुरुड माझ्या ओळखीचं हाय!"

"पेपर काढा," वर्षाराणी म्हणाली. आता नोंद हातात होती, नंबर होता. पेपर मशीनमधून पुन्हा गेला. पाचशे दहा.

पाचशे वीसची रेघ. दहा गुण कमी पडलेला पोरगा.

"गुण बदलता कुठून येतात?"

"दुरुस्तीच्या स्क्रीनवरून," शिवशंकर म्हणाला. "मशीननं एखादा गोल वाचला नाही तर सुधारायला. पासवर्ड साहेब, उज्वलाबाई आणि मी, आम्हा तिघांकडं. पण तिथं काहीही घालता येत नाही. खालच्या-वरच्याशी जुळेना असा आकडा ती घेत नाही."

"वरच्याशी, खालच्याशी. फक्त बापाशी आणि लेकराशी. म्हणून हा पाचशे एकोणसाठवर थांबला. पुढं पाचशे साठ उभा होता. कुणीतरी आकडा चढवत गेलं, स्क्रीननं नाही म्हणेपर्यंत."

ती उठली. हाताचा खडू झटकला.

"शिवशंकर, तुला करायचं असतं तर ह्या स्क्रीनची गरज नव्हती. झाड तुझं. तू आतून कुठंही काहीही लिहू शकतोस, एकोणसाठच्या कुंपणाशी तू थांबला नसतास. किशनराव, तुमच्या हातात विश्वस्तांच्या दोन जागा आहेत, हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे. ज्याला बसवायचं त्याला गुण न विचारता बसवता. तुम्हाला आकडा बदलायची गरजच काय? गुण बदलायची गरज कुणाला? ज्याचं झाड नाही आणि ज्याच्या हातात जागाही नाही, त्याला."

खोलीत तिसरं माणूस एकच होतं. तांब्या अजून हातात.

"बाई," वर्षाराणी हळू म्हणाली, "ही चिठ्ठी खोटी आहे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. कारण हिची नोंद तुम्हीच चढवली होती. ती खरी आहे, हे तुम्हाला सकाळपासून ठाऊक होतं."

उज्वलाबाईंनी तांब्या टेबलावर ठेवला. नीट, आवाज न करता, देवापुढं ठेवावा तसा.

"बहिणीचा हाय तो. ती गेली तवा तान्हा होता, माझ्याच पदराखाली वाढला. दहा गुण, मॅडम. दहा गुणांनी लेकराचा जलम वाया जातो." त्यांनी धम्मप्रियाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "ही का घावत न्हाई ते मला खरंच कळंना. मला हिचं काही वाईट करायचं नव्हतं."

"पाचशे एकवीस केले असते," वर्षाराणी म्हणाली, "तरी त्याला जागा मिळाली असती. ही जागच्या जागी राहिली असती. कुणाला कधी कळलंही नसतं."

"काठावर ठेवू वाटलं न्हाई. काठावरच्याला कुणी बी..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

किशनरावांनी दार लोटून घेतलं. सकाळचा रांगेपुढचा आवाज आता कुठल्या कुठं गेला होता.

"मॅडम, झालं ते झालं. पोरीला आत्ता पत्र देतो, हॉस्टेलात खिडकीकडची खोली देतो. बाहेर बोभाटा नको. उज्वलाबाई, उद्यापासून येऊ नका. अन् तुमच्या हरिओमला..." त्यांनी क्षणभर हिशेब केला, "विश्वस्तांच्या जागेत घेतो. तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं."

उज्वलाबाई हसल्या. असं हसू वर्षाराणीनं कधी बघितलं नव्हतं; रडण्यापेक्षा ते जास्त सुकं होतं.

"मीच मागितली होती की साहेब ती जागा, हात जोडून. तुम्ही म्हणलाव, त्या जागा मोठ्यांच्या असतात."

६

पत्र छापून आलं. किशनरावांनी सही केली, शिक्का मारला. धम्मप्रियानं ते घेतलं. पण ती हलेना. फरशीवरच्या आपल्या आकड्याकडं बघत होती.

"मावशी, माझ्या खाली कुणी हाय का?"

प्रश्न इतका साधा होता, की इतका वेळ तो कुणाला सुचलाच नव्हता. वर्षाराणीनं शिवशंकरकडं बघितलं. शिवशंकरनं नोंद उघडली.

"डावीकडं आहे एक. पाचशे बावीस. गौरम्मा सिद्रामप्पा. तालुका देगलूर."

काल आली होती अशीच एक. गेली गुमान.

वर्षाराणीनं खडूनं पाचशे एकतीसच्या खाली पाचशे बावीस लिहिलं आणि नोंदीतला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"हं, सिद्रामप्पा बोलतो."

तिनं सगळं सांगितलं. चूक यंत्राची होती, गौरम्माची जागा पक्की आहे, संध्याकाळपर्यंत या, संध्याकाळ झाली तरी मी खिडकी बंद होऊ देत नाही. सांगताना आपण फार भराभर बोलतोय हे तिचं तिला कळत होतं. पलीकडं जात्याची घरघर होती. बाया ओवी म्हणत होत्या, एक ओळ एकीची, दुसरी दुसरीची :

हळद दळू बाई, जातं ओढू दोघी-तिघी
लेक माझी निघाली गं, नदीपल्याड तिची सुगी

"आज घाणा हाय आमच्यात, लग्नाची हळद दळत्यात बाया," सिद्रामप्पा म्हणाला. "बिदरकडचं ठिकाण. दोन वर्सं थांबवून ठिवलं होतं त्यास्नी, पोरगी शिकती म्हणून. काल खिडकीवर म्हणले, चिठ्ठी खोटी. माझ्या लेकीला लबाड म्हणले, बाई, चार मान्सांत. रातीच मी सुपारी फोडली."

"अहो, पण ती लबाड नव्हती! तिचे गुण खरे आहेत!"

"ते मला ठावं होतं की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमास्नी आज कळलं."

"मला तिच्याशी बोलू द्या. एकदाच."

फोनवर बांगड्या वाजल्या, कुणीतरी कानडीत काही विचारलं. मग पोरीचा आवाज आला. बारीक, हळदीनं भरलेल्या हातानं फोन लांब धरल्यासारखा.

"माजी चिठ्ठी खरी होती?"

"खरी होती गं. पाचशे बावीस."

पलीकडं ओवीची पुढची ओळ सुरू झाली.

"मग तेवढं आमच्या अप्पाला चार मान्सांत पुन्यांदा सांगा," गौरम्मा म्हणाली. "त्यांनी म्या सांगितलेलं ऐकलं, पण तुम्ही सांगितलेलं लोकं ऐकतील." आणि फोन ठेवला. वर्षाराणीनं तीनदा पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

किशनरावांनी घसा साफ केला. "आपून तर बोलवलं. येत न्हाईत, त्याला आपला काय इलाज?"

"मी निघते देगलूरला," वर्षाराणी म्हणाली. "आणि किशनराव, तुम्ही लिहून द्याल की पोरीची चिठ्ठी खरी होती, चूक क्लासची होती. सही-शिक्क्यासकट. बोभाटा काल तुम्ही केलात, आज तो तुम्हीच निस्तरा."

किशनरावांनी लिहून दिलं. शब्द निवडून, 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहून. हरिओमचं नाव त्यात नव्हतं. ते नाव आता विश्वस्तांच्या जागेत सुखरूप होतं. तिथं कुणाला गुण विचारत नाहीत, म्हणून तिथला आकडा कधी खोटा ठरत नाही.

उज्वलाबाई आपला डबा आणि छत्री घेऊन टेबलापाशी थांबल्या होत्या. धम्मप्रिया जवळून जाताना त्यांनी तिचा हात धरायला आपला हात पुढं केला, पण धरला नाही.

"बाळा, देवाशपथ सांगते. त्याच्या खाली कोण कोण हाय, ते मला दिसलंच न्हाई."

"हाव," धम्मप्रिया त्यांना म्हणाली. "कुणालाच दिसत न्हाई, मावशी."

आणि ती चपला हातात घेऊन फरशीवरून दाराकडं निघाली. चारशे ऐंशीवर तिचा पाय पडला, पाचशे एकोणसाठ तर तिनं तळव्यानं पुसूनच टाकला, आपल्या स्वतःच्या आकड्यावरूनही ती चालत गेली. पाचशे बावीसपाशी मात्र थबकली. त्या आकड्याला लांबून वळसा घालून बाहेर पडली.